धोंड्याचा कप्पा

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही असं कुणी म्हटलं, तर मी भांडायला उठेन. ती आवडण्यासारखीच आहे, आणि दुखणं तेच आहे. तोंडाळ असती, आळशी असती, माहेरचा तोरा मिरवणारी असती, तर मी सुखानं नाक मुरडलं असतं आणि शेजारणींनी मला साथही दिली असती. पण ती माझ्या आधी उठून चहा टाकते, मला ताई म्हणते, आणि माझं काही चुकलं तर चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगते. अशा बाईचा हेवा करायचा म्हणजे तो एकटीनंच करावा लागतो.

आमच्या सासऱ्यांची बीडमध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. त्यांना घरात आणि गावातही सगळे आप्पा म्हणतात. पहाटे अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते लॅबचं शटर वर करत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला टायपिंग येत होतं आणि मी बी.कॉम. होते. आप्पांनी तेवढ्या भांडवलावर मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. माझे यजमान शाळेवर मास्तर, त्यांचा लॅबशी संबंध वर्षातून एकदा रक्त देण्यापुरता. दीर पुण्यातल्या कंपनीत. त्यामुळे आप्पांच्या मागं लॅबचा कारभार माझ्याकडंच येणार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. ते कुणाला बोलून दाखवायची गरजही मला वाटली नव्हती.

त्या काळात आमचा कॉम्प्युटर म्हणजे म्हातारी म्हैस होती. लॅब सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक पेशंट, प्रत्येक तपासणी, सगळं एकाच टेबलात, म्हणजे एकाच लांबलचक तक्त्यात, भरलेलं. सॉफ्टवेअर करून देणारा माणूस परदेशी निघून गेलेला. कुणाचा मागचा रिपोर्ट काढायचा म्हटलं की मी नाव टाकायचे, आणि पडद्यावरचं ते चक्र गरगर फिरत बसायचं. पेशंट बाहेर जाऊन चहा पिऊन परत यायचा, तरी ते फिरतच असायचं.

खरं सांगायचं तर ते चक्र माझ्या फायद्याचं होतं. इतक्या वर्षांत मला माणसं पाठ झाली होती. नेकनूरचे एक निवृत्त गुरुजी दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायचे. ते काउंटरला टेकायच्या आत मी सांगायचे, "गुरुजी, मागच्या वेळेपेक्षा कमी येऊ द्या हं, पेढे बंद केले ना?" गुरुजी खूश, मी खूश. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा फोन करून म्हणायचे, "कॉम्प्युटर राहू द्या, वहिनींना विचारा." आमच्याकडं रक्त काढायला एक चाचा आहेत. त्यांच्या हाताला इतकी नजाकत आहे की लहान पोरंसुद्धा रडायचं विसरतात. तेही पेशंटला ऐकू जाईल असं म्हणायचे, "भाभीच्या डोक्यात सगळं हाय, मशीन तर नावाला ठिवलंय." हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, पण शिळं झालं नाही.

मग दिराचं लग्न झालं. मुलगी आष्टीची, एम.सी.ए. झालेली. दीर तेव्हा कंपनीचं काम घरूनच करायचे, त्यामुळे नवी नवरीही बीडलाच राहिली. हळद उतरली नव्हती तोवर ती एक दिवस माझा डबा घेऊन लॅबमध्ये आली आणि माझ्या मागं उभी राहून ते चक्र बघत बसली. बघता बघता म्हणाली, "ताई, रोजच्या भाकरीला आपण कणगी उघडतो का हो?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"रोजची ज्वारी डब्यात असती. वर्षाची कणगीत. हे बिचारं दर वेळी कणगीत उतरून तळापस्तोर हुडकतंय. टेबलाचे कप्पे पाडू आपण. चालू सालाचा वेगळा, जुन्या सालांचे वेगळे. वरून टेबल एकच दिसंल. साल सांगितलं की तेवढाच कप्पा उघडायचा."

डबा माझा, ज्वारी माझी, त्या घरातली कणगी वर्षानुवर्षं मी भरलेली, आणि उदाहरण तिचं. मला तिथंच पहिली ठिणगी लागली. मी म्हटलं, "चालू आहे ते चालू आहे, उगाच बिघडवू नको." पण आप्पा आतून बाहेर आले होते. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरत होता, सूक्ष्मदर्शकावर बसणं त्यांनी सोडलं होतं, कान मात्र तिखट. ते म्हणाले, "कावून बिघडंल? करू दे की तिला."

मला आप्पांनी असं "करू दे की" कधी म्हटलेलं आठवत नाही. मी एकदा लेटरहेडचा रंग बदला म्हटलं होतं, तर त्यांनी दोन दिवाळ्या विचार केला.

पावसाळाभर ती त्या कामाला लागली. दुपारी घरची आवराआवर झाली की येऊन बसायची. सगळ्या टेबलाची आधी नक्कल काढली, मग एकेक साल उचलून आपापल्या कप्प्यात घातलं, मग जुळवून बघितलं की एकही ओळ गळाली नाही. मला शेजारी बसवून सांगायची, ओळ तारखेवरून आपली जागा शोधते, आपल्याला सांगावी लागत नाही. जुनं काही पुसत नाही, फक्त रोजच्या वाटेतून बाजूला ठेवतो. जुने कप्पे बदलत नाहीत, मग त्यांची रोज नक्कल कशाला घ्यायची. मी हूं हूं करत होते. समजत सगळं होतं. समजतंय हेच मला सहन होत नव्हतं, कारण इतकं सोपं होतं तर इतक्या वर्षांत मला का सुचलं नाही, हा प्रश्न पुढं उभा राहायचा.

एक अडचण निघाली ती आमच्या घराची होती. जगात साल जानेवारीत बदलतं किंवा एप्रिलमध्ये. आमच्या लॅबचं साल दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. आप्पांच्या वडलांचं किराणा दुकान होतं, तिथं पाडव्याला नव्या वह्यांची पूजा व्हायची. आप्पांनी तराजू सोडून सूक्ष्मदर्शक धरला, पण पाडवा सोडला नाही. त्या दिवशी रिपोर्टचा नंबर परत एकपासून सुरू होतो, आणि पूजा झाल्याशिवाय नवं साल उघडायचं नाही म्हणजे नाही. पेशंटसुद्धा तसंच लक्षात ठेवतात, "गेल्या दिवाळीच्या आधीचा रिपोर्ट" असं सांगतात. तर धाकटीनं कप्पेही पाडव्याप्रमाणेच पाडले. मागचे पाडवे पंचांगात बघून घेतले. चालू कप्प्याचं तोंड उघडं ठेवून चालत नाही, कुठल्या तारखेपर्यंतच्या ओळी त्यात जातील हे आधीच सांगावं लागतं. म्हणून तिनं पूजेला निघालेल्या आप्पांना विचारलं, पुढचा पाडवा कधी.

आप्पा म्हणाले, "दिवाळी दर सालाला धा-अकरा दिस मागं सरकती. घाल त्या हिशोबानं." आणि लिंग हातावर घेऊन बसले.

त्या पाडव्याला नवा कप्पा उघडला. मी पहिलं नाव टाकलं आणि एंटर दाबायला बोट उचललं, तोवर रिपोर्ट पडद्यावर हजर. चाचांनी सुई हातात धरूनच मान वळवली. "छोटी भाभीनं लई झ्याक केलं बगा," म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या डोक्याचं नाव काढलं नाही.

नेकनूरचे गुरुजी आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांना माझ्या खांद्यावरून पडदा दिसला. साखरेच्या मागच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक, आपापल्या तारखेनं. ते चष्मा सावरून स्वतःच वाचत बसले. "वा, हे बरं झालं, आता कुणाला विचारायला नको," म्हणाले. मी त्यांना पेढ्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी ऐकलंच नाही.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजात मराठी शिकवते. तिला हे सांगितलं, तर ती हळवी होऊन म्हणाली, "तू स्वतःलाच जुना डेटा समजायला लागलीस." मी म्हटलं, असलं गोडगोड काही नाही गं. मला नुसता राग येतो. ती हसते तेव्हा येतो, तिचा पदर नीट असतो तेव्हा येतो, तिच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तेव्हा तर फारच येतो. मैत्रिणीनं विषय बदलला.

आप्पांच्या डोळ्यांचं वाढत चाललं होतं. उन्हाळ्यात एकदा जेवताना ते म्हणाले, "येत्या पाडव्याला पूजंला मी बसणार न्हाई. जे बसंल त्यानं लॅब बघायची." एवढंच बोलले आणि ताकात भाकरी चुरायला लागले. यजमानांनी माझ्याकडं बघितलं. मी धाकटीकडं बघितलं. ती आप्पांच्या वाटीत ताक वाढत होती. तिला त्या बोलण्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, आणि मला मात्र तेव्हापासून पाटावर कोण बसणार याशिवाय दुसरं काही सुचेना. पूजेच्या त्या पाटावर बसणं म्हणजे शटरची किल्ली, आणि किल्ली म्हणजे माझी इतकी वर्षं वाया गेली नाहीत याचा पुरावा.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक श्रावण. आमच्याकडं अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, दिवा देतात, पाय धुतात. धाकटीचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. तिचे वडील स्वतः न्यायला आले. दीर आणि ती आष्टीहून परतले ते चांदीचा दिवा, भरजरी टोपी, अनारशांचा डबा आणि सासूबाईंना पैठणीच्या काठाची साडी घेऊन. माझे यजमान माझ्या भावाकडं दुपारी जेवून संध्याकाळी परत आले, हातात तांब्याची पणती. पणतीही चांगलीच होती. पण दोन्ही वस्तू सासूबाईंनी देवघरात शेजारी शेजारी ठेवल्या, आणि रोज तेलवात करताना मला ती दोन्ही दिसायची.

नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी मी उपाशीपोटी लॅबला गेले. दिवस वाईट निवडला होता लोकांनी. मांजरसुंब्याकडून पहिल्या गाडीला आलेली माणसं, साखर तपासायची म्हणून तीही उपाशी, बाकावर दाटीवाटीनं बसलेली. चाचांनी पहिल्या बाईचं रक्त काढलं, मी तिचं नाव भरलं, सेव्ह केलं. पडद्यावर लाल पट्टी आली. परत केलं. परत पट्टी. इंग्रजीत लिहिलं होतं, या ओळीसाठी कप्पा सापडत नाही. दुसऱ्या पेशंटचं भरून बघितलं, तेच.

मला आनंद झाला. उपवासाच्या दिवशी, घट बसवायच्या दिवशी, बाकावरची माणसं ताटकळत असताना मला झाला, आणि तो चांगला ठणठणीत आनंद होता. मी चाचांना म्हटलं, "नळ्यांवर नावं लिहून ठेवा, छोट्या भाभीचं झ्याक काम बंद पडलंय." आणि घरी फोन लावला.

धाकटी घटाची माती कालवत होती, तशीच आली. कोपरापर्यंत माती. खुर्चीवर न बसता वाकून तिनं ती पट्टी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, कप्पा कालच संपला. आजच्या तारखेला जागाच नाही."

"का संपला?"

"मी पाडवा आज धरला होता. अकरा दिवस मागं."

"आज घट बसतायत," मी म्हटलं. आवाज मुद्दाम वर नेला होता, कारण आप्पा आतल्या खोलीत होते. "दिवाळीला अजून महिना आहे. यंदा धोंड्याचा महिना नव्हता का? तू तर धोंडे खाऊन आलीस. अधिक महिना आला की दिवाळी मागं नाही, पुढं जाते. हे आमच्या घरात शाळेत न गेलेल्या बाईलासुद्धा माहीत आहे."

ती मातीचे हात तसेच अधांतरी धरून उभी राहिली. बाकावरची माणसं ऐकत होती. माझं जेवढं बोलून झालं होतं तेवढ्यावर मी थांबले, आणि आप्पा बाहेर येण्याची वाट बघायला लागले.

आप्पा भिंतीला हात लावत बाहेर आले. मला वाटलं, आता विचारतील, काय गं, असं कसं केलंस. एकदा माझ्याकडून दोन पेशंटांच्या रिपोर्टांची पाकिटं बदलली होती, तेव्हा ते माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नव्हते. मी त्याच चेहऱ्याची वाट बघत होते.

ते म्हणाले, "आगं, म्याच म्हणलो की तिला, अकरा दिस मागं घाल म्हणून. माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं. तिची काय चूक?"

"नाही आप्पा, मी पंचांग बघायला पाहिजे होतं," धाकटी म्हणाली. "मागचे बघितले, पुढचा नाही बघितला. ताई म्हणतात ते बरोबर आहे."

म्हणजे चूक आप्पांनी आपल्या अंगावर घेतली, तिनं ती परत आपल्याकडं ओढली, वर मला बरोबर ठरवलं, आणि या सगळ्यात मी एकटी वाईट दिसत उभी राहिले. असं कसं होतं हे मला आजही उलगडलेलं नाही.

आता प्रश्न असा की नव्या सालाचा कप्पा उघडावा तर पाडव्याची पूजा व्हायची होती, आणि आप्पा त्याला तयार होणार नव्हते. धाकटीनं हात धुतले, बसली, आणि आजपासून खऱ्या पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी एक छोटा जोडकप्पा करून मधे बसवला. रिपोर्टचे नंबर जुन्या सालाचेच पुढं चालू. चाचांच्या पुढच्या दोन नळ्या भरेपर्यंत तिचं झालंही. बाकावरच्या बायकांची नावं पटापट आत गेली.

आप्पांनी विचारलं, "काय केलंस गं?"

तिनं सांगितलं.

"म्हंजे ह्यो अधिकाचा," आप्पा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. "धोंड्याचा कप्पा म्हण की."

चाचा हसले. बाकावरची एक म्हातारी काही न कळता हसली. संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलं, दिरांना कळलं, आष्टीला फोनवर गेलं. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या डॉक्टरांना आप्पांनी ते कौतुकानं सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्याही चुका झाल्या आहेत, पण माझ्या एकाही चुकीचं घरात बारसं झालं नाही. तिची चूकसुद्धा लाडाची निघाली.

तरी मला आशा होती. चूक तिची, कारण मी सांगितलेलं, आणि लॅबमध्ये वर्षं माझी. दिवाळीच्या फराळाला मी त्या साली हात राखला नाही. चकल्या तळताना मनात पाट मांडत होते.

पाडव्याच्या सकाळी आप्पांनी मला हाक मारली. लॅबमध्ये पाट मांडला होता, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. आप्पांनी शटरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "तू आन् मास्तर बसा पूजंला."

मला भरून आलं. वाकून त्यांच्या पाया पडले. हे तिथंच संपलं असतं तर मी आज किती चांगली बाई झाले असते. पण आप्पांना मनात काही ठेवता येत नाही. मी उठत होते तेवढ्यात त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आदी धाकटीलाच इचारलं म्या. ती न्हाई म्हणली. त्यांला पुण्याला जायाचंय, कंपनीनं बोलावलंय. तिलाबी तिकडं नोकरी लागली हाय. तीच म्हणली, ताईलाच बसवा, ताईशिवाय कुणाला जमणार न्हाई. मंग म्या म्हणलं, तसं तर तसं."

यजमान पाटावर बसले होते. मी त्यांच्या उजवीकडं बसले. धाकटी ताम्हन घेऊन आली, माझ्या हातावर तिनं पाणी सोडलं, अक्षता दिल्या. ती नवीन साडी नेसली होती, निळी. पूजा झाल्यावर नव्या कप्प्याची ओळ तिनं लिहून तयार ठेवली आणि बटण मला दाबायला लावलं. "ताई, तुमच्या हातानं," म्हणाली. मी दाबलं. मनात एकच होतं: हे ताटही हिनं नको म्हणून सरकवलं, तेव्हा माझ्यापुढं आलं.

जाण्याआधी तिनं मला सगळं शिकवलं. पुढचा पाडवा पंचांगात बघायचा, अधिक आहे का बघायचं, कप्प्याची तारीख घालायची, आणि कुठेच न बसणाऱ्या ओळींसाठी तिनं एक राखीव कप्पा करून ठेवला, म्हणजे परत लाल पट्टी यायला नको. मी ते पाठ केलं. तिच्यापेक्षा चांगलं पाठ केलं. पुढच्या वर्षभरात माझ्या हातून एक ओळ राखीव कप्प्यात पडली नाही. दोन सालांपूर्वीचा कप्पा मी एकटीनं जुन्यांमध्ये हलवला, मोजणी जुळवली, नक्कल घेतली. फोन करून तिला एकदाही विचारलं नाही. ती दर रविवारी सासूबाईंना फोन करायची, तेव्हा मी मुद्दाम धुणं वाळत घालायला गच्चीवर जायचे.

त्या पुढच्या पाडव्याला पूजा मीच मांडली. आप्पांना आता उजेड-अंधार तेवढा कळत होता. त्यांना मी शेजारी खुर्ची दिली. नवा कप्पा मी लिहिला, मी उघडला, तारीख दोनदा तपासून घातली होती. पहिला पेशंट आला, नाव टाकलं, रिपोर्टचा नंबर एक पडला, प्रिंटरमधून कागद सरसर बाहेर आला. आप्पांना तो आवाज ऐकू आला. ते समाधानानं हसले.

तेवढ्यात पुण्याहून धाकटीचा फोन आला, पाडव्याचा नमस्कार करायला. माझे हात गुंतले होते म्हणून मी स्पीकरवर लावून आप्पांपुढं धरला.

"तुझं मशीन झ्याक चालू हाय बग," आप्पा म्हणाले. "आत्ताच नवा कप्पा उगडला. काय बी अडलं न्हाई."

"आप्पा, ते माझं कुठं? ते ताईंनी केलंय."

"तेच की. तू शिकिवल्यालं."

"असं नका म्हणू आप्पा. मी असते तर मला एवढं नीट जमलं नसतं. वर्षभर त्यांनी एकटीनं सांभाळलंय, मला एकदासुद्धा फोन करावा लागला नाही त्यांना..." ती बोलतच राहिली, माझ्या बाजूनं, मन लावून. आप्पा मान डोलवत ऐकत होते. तिचं ऐकूनच हळूहळू त्यांना पटत गेलं आणि त्यांनी चाचपडत हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला. "असं हाय व्हय," म्हणाले. "धाकटी म्हणती म्हंजे खरंच केलं असशील तू."